ठाणे-तुर्भ्याची मिशन इंटर्नशिप: जा, पण आधी पैशांचं लेखी घ्या

नगरकडून ख्रिस्ती मिशन संस्थेत इंटर्नशिपला निघालेल्या मुलामुलींसाठी लिहितेय. माहितीपत्रकात ‘निवास-भोजन मोफत’ असं छापलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. मी माळशेजमार्गे एसटीने कल्याणला उतरले, लोकलने ठाणे गाठलं, कोपरीच्या हॉस्टेलवर बॅग टेकवली आणि त्याच संध्याकाळी आकडे समोर आले. रजिस्ट्रेशन 1,500, साहित्य 800, खोलीचं डिपॉझिट 3,000, मेस दरमहा 2,400. पावती एकाचीही नाही. विचारलं तर म्हणाले, प्रभूच्या कामात हिशेब मांडायचा नसतो, आणि बायबलमधला लूकचा दहावा अध्याय उघडून दाखवला: येशूने सत्तर जणांना पैशांच्या थैलीशिवाय पाठवलं.

रात्री मी तोच अध्याय पुढे वाचला. थैलीची गोष्ट चौथ्या वचनात आहे. सातव्या वचनात कामकऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे हेही येशूच सांगतो. शास्त्र दाखवायचं तर पुरतं दाखवावं.

संस्थांची अडचण खोटी नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली आणि एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसरीला देणं बंद झालं. मोठ्यांच्या आधारावर चालणाऱ्या छोट्या संस्थांचा हात त्यामुळे आखडला, म्हणून इंटर्नने आपल्या मंडळीकडून, म्हणजे गावच्या चर्चकडून, ‘सपोर्ट’ आणावा अशी अपेक्षा असते. त्यात गैर काही नाही. आधी कळवलं असतं तर आमच्या मंडळीने एका रविवारचं अर्पण आनंदाने दिलं असतं. फोनवर ताकास तूर लागू द्यायची नाही आणि पोरगी दारात आली की यादी काढायची, हे मात्र चूक आहे आणि सेवेच्या नावाखाली ते बरोबर ठरत नाही.

सुरुवातीचे वर्ग, गाणी, ओळखी सगळं छान झालं. 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी श्रद्धेसाठी प्राण दिले, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. नगरला आम्ही ख्रिस्ती लोक एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मराठी मिशनपासूनच आपला इतिहास मोजतो.

आता तुर्भे. आमचं घरभेटींचं क्षेत्र तिथली इंदिरानगरची वस्ती. ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून सुटते. वाशी, नेरूळ, पनवेल कुठलीही पकडा, तुर्भ्याला सगळ्या थांबतात. मासिक पास काढा. खरी परीक्षा स्टेशनबाहेर आहे. ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून एमआयडीसीतून वर चालायचं, बाजूने ट्रक, नाकातोंडात धूळ, सावली म्हणाल तर कंपन्यांच्या भिंतीची हातभर. आणि वेळ भर दुपारची, कारण धुणीभांडी करणाऱ्या बाया तेव्हाच घरी सापडतात. मे महिन्यात हा रस्ता माणसाला पिळून काढतो. रिक्षावाल्याने सरळ 80 मागितले. मीटरचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपये आहे. मीटर टाकायला सांगा, नाही म्हणाला तर शेअर रिक्षाची वाट बघा. टोपी, ओला पंचा, पाण्याची मोठी बाटली आणि मीठ-साखर याशिवाय निघू नका.

या रस्त्याला मी दात-ओठ खाऊन शिव्या घालायची. तरी जे मिळालं ते याच रस्त्याच्या शेवटी मिळालं, म्हणून सांगते. एका घरी मी पाठ केलेली साक्ष, म्हणजे माझ्या विश्वासाची गोष्ट, सांगायला बसले. पत्र्याखाली श्वास घेववत नव्हता. खाणीवर पाय चिरडलेला नवरा कोपऱ्यात पडून होता. जालन्याकडची ती मावशी म्हणाली, “आधी पाणी पी गं माय, मग सांग तुझं.” निळ्या ड्रमात हात कोपरापर्यंत घालून तिने तांब्या भरला, उरलेलं पाणी एकदा बघितलं आणि झाकण लावलं. मग म्हणाली, “ह्यांच्या पायासाठी कर प्रार्थना.” माझ्या तोंडून दोनच वाक्यं निघाली. तेवढी मनापासूनची प्रार्थना मी आमच्या चर्चमध्ये इतकी वर्षं उभी राहूनही केली नव्हती. त्यानंतर लांबलचक प्रार्थना करणं मी सोडलं.

तिथे गिटार चालत नाही. टाळ आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक न्या. रेव्ह. ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं सुरू झाली की शेजारच्या बाया आपणहून उंबऱ्यात येऊन बसतात. सुशिक्षित वक्तृत्वाला कोणी येत नाही.

सगळ्यात मोठा धोका पैशांचा नाही, उन्हाचाही नाही. संध्याकाळी दमून परतल्यावर भेटींचे फॉर्म भरायचे, फोटो अपलोड करायचे, देणगीदारांसाठी मजकूर लिहायचा. यात शांतवेळ, म्हणजे एकटीने बायबल वाचायची नि प्रार्थनेची वेळ, पहिली जाते. देवाबद्दल दिवसभर बोलायचं आणि देवाशी बोलायला वेळ नाही, अशी गत होते. लूकचा तोच अध्याय मार्थेच्या धांदलीवर संपतो, ते उगाच नाही. पहाटे पाचची वेळ टीम लीडर ताईंना सांगून राखून घ्या. बाथरूमची रांग साडेपाचला लागते, त्याआधी गच्ची रिकामी असते. रिपोर्ट उशिरा गेला तर जाऊ द्या.

माझं मत विचाराल तर जा. विश्वास पक्का व्हायचा असेल तर शिबिरांपेक्षा हे हजार पटींनी बरं. फक्त मेची तुकडी घेऊ नका, नोव्हेंबर-डिसेंबरची मागा. निघण्याआधी एकूण खर्च, सुट्टीचा वार, आजारी पडल्यास दवाखान्याचं बिल कोण भरणार, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि माझ्या डिपॉझिटमधून रंगकामाच्या नावाने 1,200 कापले, तेव्हा खोलीत शिरताच चारही भिंतींचे फोटो काढून वॉर्डनला पाठवून ठेवा.