छोटा ससा गरीब असतोच असं नाही

मे महिन्याची सुट्टी लागली की ब्लाउज शिवायला टाकायला येणाऱ्या बायकांपैकी कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, पोराला खेळायला ससा घ्यायचाय. ओंजळीत मावतो बघा, तसला. कुठला घेऊ?" मोबाईलवर त्यांनी नेदरलँड ड्वार्फ या बुटक्या जातीच्या सशाचा फोटो बघितलेला असतो. गोल तोंड, बोटभर कान, टपोरे डोळे. मी मशीन थांबवते आणि आधी पोराचं वय विचारते. चार-पाच वर्षांचं असेल तर स्पष्ट सांगते, हा नको.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात सोप्यात माझं शिलाई मशीन आणि मागच्या परड्यात तीन ससे. बाळू न्यूझीलंड व्हाइट, पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, साडेचार किलोचा. चिंगी ड्वार्फ, किलोभरसुद्धा भरत नाही. सखू हॉलंड लॉप, कान गालांवरून खाली लोंबणारी. तिघांचीही नसबंदी झालेली आहे, त्यामुळं एकत्र मोकळे फिरतात. दिवसभर ते माझ्या डोळ्यांसमोर असतात, म्हणून स्वभावाबद्दल ठामपणे लिहिते आहे.

मशीनचा आवाज सुरू झाला की कोण काय करतं ते बघण्यासारखं असतं. बाळू पायडलच्या शेजारी शहाबादी फरशीवर मागचे पाय ताणून आडवा होतो. फरशीची थरथर त्याला आवडत असावी. सखू थोडा वेळ बघते आणि पुन्हा गवत चघळायला लागते. चिंगी मात्र ताठ बसते, नाक भराभर हलतं, आणि मागचा पाय फरशीवर धाडकन आपटते. एवढ्याशा जिवाचा तो आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो. धोका आहे, सावध व्हा, असं ससे एकमेकांना असंच कळवतात. रोज तेच मशीन, तरी चिंगीचा पहिला ठोका चुकत नाही.

याचं कारण तिच्या रक्तात आहे. नेदरलँड ड्वार्फ ही जात हॉलंडमध्ये छोट्या पांढऱ्या सशांचा रानटी सशांशी संकर करून तयार झाली. सुरुवातीचे ड्वार्फ फार बुजरे आणि चावरे होते. पुढं पाळणाऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या शांत पिल्लं निवडत त्यांना माणसाळवलं, तरी तो चपळपणा आणि ती धास्ती अजून आहे. त्यात आकार एवढासा, त्यामुळं वरून येणारा प्रत्येक हात त्याला घारीसारखा वाटतो. लहान मूल झडप घालून उचलायला गेलं की तो झटका देऊन निसटतो, कधी चावतो. झटक्यात पाय जोरात झाडला तर सशाचा स्वतःचाच मणका मोडू शकतो, हाडं इतकी हलकी असतात.

बाळूची जात उलटी. नाव न्यूझीलंडचं असलं तरी तो वाण अमेरिकेत तयार झाला, मांसासाठी आणि कातडीसाठी. माणसाच्या हाताळणीला न बुजणारा, म्हणून प्रयोगशाळांतही तोच वापरला गेला. त्याचं हे दैव मला बरं वाटत नाही, पण त्यातून आलेला शांतपणा खरा आहे. लोक लाल डोळे बघून त्याला घाबरतात. तो मान डावी-उजवी डोलवत बसतो तेव्हा "याला काय झालंय?" म्हणून विचारतात. झालेलं काही नसतं. डोळ्यांत रंगद्रव्य नसलेल्या सशांना कमी दिसतं, अंतराचा अंदाज घ्यायला ते डोकं असं हलवतात. म्हणून त्याच्याजवळ जाताना मी आधी बोलते, मग हात लावते.

याहून मोठा फ्लेमिश जायंट, सहा किलोच्या पुढचा. तोही बहुधा संथ, पसरून पडणारा. पण त्याला जागा आणि गवत भरपूर लागतं, आणि उचलताना मोठ्या माणसाचेही हात भरून येतात. दुसऱ्या टोकाला बेल्जियन हेअर. नावात हेअर, म्हणजे रानससा, असलं तरी तो पाळीव ससाच, लांब पायांचा, सडपातळ, सतत धावायला बघणारा. त्याला पिंजऱ्यात ठेवणं मला क्रूरपणा वाटतो.

सखूसारखे हॉलंड लॉप मधले. मोठा फ्रेंच लॉप आणि ड्वार्फ यांच्या संकरातून हा वाण आला, आणि सखूत मला दोन्ही दिसतात. दुपारी कलंडून झोपते ती बाळूसारखी. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मात्र अंगात वारं भरल्यागत परड्यात पळते, मध्येच उडी मारून हवेतल्या हवेत अंग पिळते. आनंद झाला की ससे अशी उडी मारतात. खरं तर पहाट आणि तिन्हीसांज या दोनच वेळा सगळ्या सशांच्या धांदलीच्या. दुपारी दुकानात बघून "किती शांत आहे" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. लॉपचे कान मात्र दर आठवड्याला बघावे लागतात. कानाची नळी अरुंद असते, मळ साठतो, दुखायला लागतं, आणि दुखणारा ससा चिडका होतो. मग लोक म्हणतात स्वभाव बिघडला.

वयाचंही तसंच. चार-पाच महिन्यांचं झालं की गरीब वाटणारं पिल्लूसुद्धा उकरायला, मुतायला, गुरगुरायला लागतं. नसबंदीनं यातलं बरंच निवळतं, आणि माद्यांचा गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोकाही टळतो. फक्त सशांची भूल जाणणारा डॉक्टर हवा, आधी चौकशी करून जावं.

आपल्या गावाची एक गोष्ट जातीच्या पुस्तकांत सापडणार नाही. पेठेत फुटबॉलची मॅच जिंकली की हलगी-घुमकं आणि फटाके. गणपतीत तर विचारूच नका. बाळू तेव्हा कोपऱ्यात गप बसतो आणि तासाभरात खायला येतो. चिंगी सकाळपर्यंत गवताला तोंड लावत नाही, आणि सशानं दहा-बारा तास खाल्लं नाही की आतडी थंडावतात, जिवावर बेततं. म्हणून मिरवणुकीच्या रात्री मी तिला मधल्या खोलीत, खिडकी बंद करून, माझ्या जुन्या साडीच्या घडीजवळ ठेवते. गल्लीत रोज दणका असलेल्या घरानं ड्वार्फ घेऊच नये, असं माझं मत आहे.

ऊसतोडीच्या दिवसांत कुणीतरी फडात सापडलेलं पिल्लू घेऊन येतं, "ताई, ह्यो पाळशीला का?" तो रानससा, जात पूर्ण वेगळी. त्याची पिल्लं उघड्या डोळ्यांनी, अंगावर केस घेऊनच जन्मतात, आणि माणसाच्या घरात बहुतेक वेळा भीतीनंच मरतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पाळताही येत नाही. मी सांगते, जिथं सापडलं तिथंच, फडाच्या कडेला गवतात ठेवून या. आई तिन्हीसांजेला पाजायला येते.

बाजारात "ड्वार्फ" म्हणून विकली जाणारी पुष्कळ पिल्लं साध्या संकराची असतात, वाढून दोन-तीन किलोची होतात. कान बघा. खऱ्या ड्वार्फचे कान मोठेपणीही दोन इंचांच्या आसपासच राहतात. जमलं तर आई-बाप दाखवा म्हणा. आणि खरेदीला संध्याकाळी जा, जमिनीवर बसा, हात खाली ठेवा, कुणाला उचलू नका. जो आपणहून येऊन बोटं हुंगतो आणि मशीन, गाडी, भांडं असा एखादा आवाज झाला तरी पळत नाही, तो घ्या, मग तो कुठल्याही जातीचा असो. परवा रंकाळ्याकडच्या एका बाईंनी असंच केलं. ड्वार्फ घ्यायला गेल्या होत्या, आल्या दीड वर्षाचा पांढरा मोठा नर ससा घेऊन. पोरगं त्याच्या शेजारी बसून कोथिंबीर भरवतंय, आणि बाईंनी माझ्याकडून गोणपाट शिवून नेलंय, गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरू नयेत म्हणून.