राकाईला दत्तक मुलांना भेटायला जाताना: आधी मुरुमाच्या रस्त्याचं बघा

पुण्यातून युगांडाला आपल्या दत्तक मुलाला, म्हणजे तिथल्या चर्चच्या केंद्रामार्फत ज्याच्या खर्चासाठी आपण पैसे पाठवतो त्या मुलाला, भेटायला निघालेल्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवतात: "कंपालाहून चार तास, रस्ता चांगला आहे." मसाकापर्यंतचा आणि तिथून क्योटेरापर्यंतचा डांबरी रस्ता चांगला आहे, यात वाद नाही. पण चर्चची केंद्रं डांबरी रस्त्यावर नसतात. क्योटेराहून राकाई जिल्ह्यातल्या गावांकडे वळलं की तांबडा मुरूम सुरू होतो. आदल्या रात्री पाऊस झाला असेल, तर नकाशात बोटाएवढा दिसणारा हा टप्पा अर्धा दिवस खातो आणि त्याबद्दल आधी कुणी चकार शब्द काढत नाही.

गाडी रुतण्याची भीती फार बाळगू नका, घसरण्याची बाळगा. मुरुमाचा वरचा थर ओला होऊन साबणासारखा होतो आणि खालचा घट्टच राहतो. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असल्याने मागची चाकं हळूहळू चराकडे सरकतात. जाणता ड्रायव्हर मधल्या उंचवट्यावर, खालच्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता गाडी काढतो. कोरड्या दिवसांत हाच रस्ता नाळीदार होतो आणि कंबर खिळखिळी करतो. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे पावसाचे महिने. जानेवारी कोरडा असला तरी शाळा बंद असतात. जून-जुलैत जा, दुसरा विचार करू नका.

पैसे कापले जातात तेही इथेच. गाडीचं दिवसाचं भाडं सांगतात त्यात बहुतेक वेळा इंधन धरलेलं नसतं. मुरूम लागला की "हा रस्ता ठरला नव्हता" हे सुरू होतं, आणि तिथे दुसरी गाडी मिळत नसल्याने आपण देतो. म्हणून ठरवतानाच कागदावर लिहून घ्या: केंद्राच्या गावाचं नाव, जाऊन-येऊन, कच्च्या रस्त्यासह, इंधन कुणाचं, ड्रायव्हरचं जेवण-मुक्काम कुणाचा, परतायला रात्र झाली तर काय. गाडी चारही चाकांना जोर देणारी हवी. साधी सेडान किंवा खाली टेकलेली व्हॅन स्वस्त पडते, पण ती घेऊ नका. टायरची नक्षी, स्टेपनी आणि जॅक निघण्यापूर्वी डोळ्यांनी पाहा. जॅकखाली ठेवायला फळी नसेल, तर ओल्या मुरुमात तो नुसता आत जातो. शेवटचा टप्पा बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, करायचा सल्ला मिळेल. ओल्या रस्त्यावर हेल्मेटशिवाय अजिबात बसू नका.

कंपालात मुक्काम करू नका. विमानतळाच्या गावी, एन्टेबीलाच राहा आणि पहाटे द्रुतगती मार्गाने बुसेगाला निघा, म्हणजे शहरात न शिरता थेट मसाका रस्ता लागतो. टोल भरावा लागतो, पण वाचलेला वेळ त्याहून मोलाचा आहे. वाटेत कायाब्वेला विषुववृत्त आहे. तिथे घमेल्यांत पाणी उलटसुलट फिरवून दाखवतात आणि पैसे मागतात. काही पावलांच्या अंतराने पाण्याची दिशा बदलत नसते, ती ओतणाऱ्याच्या हाताने ठरते. फोटो काढा आणि पुढे चला.

केंद्रात काय बघायचं? हजेरीची वही, मुलाचं वजन-उंचीचं कार्ड, शाळेच्या पावत्या. १९९७ पासून तिथे प्राथमिक शिक्षण मोफत आहे, पण गणवेश, दुपारचं जेवण आणि परीक्षेचा खर्च घरावर पडतो, आणि दत्तक पालकाचे पैसे मुख्यतः तिथेच लागतात. हे पैसे वाया जात नाहीत. कम्पॅशन इंटरनॅशनल या चर्चमार्फत मुलं दत्तक देणाऱ्या संस्थेच्या मुलांवरचा, भारत आणि युगांडा धरून सहा देशांतला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या मुलांचं शालेय शिक्षण एक ते दीड वर्षाने जास्त झाल्याचं त्यात दिसलं.

मुलाच्या हातात रोख देऊ नका, त्याच्या घरच्यांनाही नाही. एका घराला मिळालं की शेजारच्या दहा घरांशी केंद्राचा संबंध बिघडतो आणि ते निस्तरायला तिथले पाळक मागे उरतात. मसाकालाच साखर, मीठ, साबण, तांदूळ आणि मक्याचं पीठ घ्या आणि केंद्रामार्फत द्या. पुण्याहून खेळण्यांची बॅग भरू नका. पत्ता किंवा फोन नंबर देऊ-घेऊ नका, मुलाबरोबर एकटं थांबू नका, गावाच्या नावासह फोटो टाकू नका. आई-वडिलांबद्दल मुलाला विचारू नका. १९८२ मध्ये तेव्हाच्या राकाई जिल्ह्यातल्या (आता क्योटेरा जिल्हा) कासेन्सेरोत युगांडातले एड्सचे पहिले रुग्ण लक्षात आले, आणि त्या साथीत कित्येक घरांत नातवंडं आज्यांनी वाढवली. घरी जेवायला बसवतील, तेव्हा मटोके, म्हणजे शिजवलेली कच्ची केळी, खा. शाकाहारी असाल तर केंद्राला आधी कळवा, नाहीतर घरातली एकुलती कोंबडी तुमच्यासाठी कापली जाईल. घेवडा आणि शेंगदाण्याचा रस्सा तिथे रोजचाच आहे.

पैसे पाठवण्याचं: रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेतून फक्त व्यक्ती पैसे पाठवू शकते, चर्चचा ट्रस्ट नाही. त्यामुळे मंडळीत एकत्र गोळा करून ट्रस्टच्या खात्यातून पाठवायचा बेत सोडा. प्रत्येकाने आपापलं पॅन लावून बँकेत ए-२ फॉर्म भरायचा आणि परदेशी धर्मादाय संस्थेला देणगी असा हेतू लिहायचा. या देणगीवर आयकरात सूट मिळत नाही.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. ते युगांडात शिरताना लागतंच, आणि मुंबईला उतरताना नसेल तर विलगीकरणात ६ दिवसांपर्यंत अडकवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. डॉक्सिसायक्लिन दिली तर परतल्यावरही ४ आठवडे चालू ठेवायची असते. घरी पोचल्यावर बहुतेक जण ती सोडतात, आणि ताप त्यानंतरच येतो.