विषाणू बंडखोर नसतो

आमच्या बँडच्या सरावाची ध्वनिमुद्रणे ज्या पेन ड्राइव्हवर होती, तो एकदा उघडला तेव्हा आतल्या प्रत्येक फोल्डरच्या चिन्हावर कोपऱ्यात एक वाकडा बाण दिसू लागला होता. नावे तीच होती, क्रमही तोच होता. पण ते सगळे जेमतेम एकेक किलोबाइटचे शॉर्टकट होते. त्यांवर क्लिक केले की फोल्डर उघडत असे, गाणीही वाजत असत, त्यामुळे काही बिघडले आहे अशी शंका आमच्यापैकी दोघांना आलीही नव्हती. प्रत्यक्षात त्या क्लिकसरशी आधी एक लपवलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, चालत होती, ती संगणकात स्वतःची प्रत ठेवत होती आणि त्यानंतरच आम्हाला हवे ते दाखवत होती. विकत घेतलेल्या अँटीव्हायरसने ते शॉर्टकट पुसून टाकले आणि धोका टळल्याचे जाहीर केले, तेव्हा पेन ड्राइव्ह रिकामा दिसू लागला. खरी फोल्डरे तिथेच होती, फक्त त्यांना लपवणारी खूण काढायची राहिली होती. बास गिटार वाजवणाऱ्या मैत्रिणीने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून ॲट्रिब ही आज्ञा लिहिली, तिच्यापुढे वजा एच, वजा आर आणि वजा एस अशी अक्षरे जोडली, आणि दोन वर्षांची गाणी एकेक करून पुन्हा दिसू लागली.

मी पंक ऐकते आणि वाजवते, अराज्यवाद मला पटतो, आणि ओळखीच्या अनेकांचे संगणक मीच साफ करून देते. या तीन गोष्टी एका माणसात कशा नांदतात, असे मला अनेकदा विचारले जाते. पंक म्हणजे मोडतोड, अराज्यवाद म्हणजे बेबंदशाही, मग व्हायरस लिहिणारा तुम्हाला आपला का वाटत नाही, असा त्या प्रश्नाचा रोख असतो. माझे उत्तर असे की व्हायरस ही सत्ता आहे, आणि तीही अत्यंत कोत्या प्रकारची. ती तुमच्या यंत्रात तुम्हाला न विचारता शिरते, तुमच्या नावाने आज्ञा देते, तुमच्याच वस्तू तुमच्यापासून लपवते, आणि हे सगळे तुम्हाला कळू नये याची काळजी घेते. संमतीला जिथे जागाच नाही, तिथे बंड कसले?

आपल्या भाषेत 'अराजक' हा शब्द गोंधळाला इतका चिकटला आहे की 'अराज्यवाद' हा वेगळा शब्द मी मुद्दाम वापरते. फ्रेंच विचारवंत पिएर-जोसेफ प्रूदाँ यांनी 1840 मध्ये स्वतःला अराज्यवादी म्हणवून घेतले, ते राज्यकर्ता नसलेल्या व्यवस्थेविषयी बोलत होते, आणि त्यांचा भर 'व्यवस्था' या शब्दावरही तितकाच होता. रशियन अराज्यवादी पीटर क्रोपोटकिन यांनी पुढे परस्पर साहाय्याचा विचार मांडताना जी उदाहरणे दिली, ती मला आजही सर्वांत पटणारी वाटतात. बुडणाऱ्या जहाजांकडे स्वेच्छेने होड्या वल्हवत जाणारी इंग्लंडच्या किनाऱ्यावरची माणसे आणि कोणतेही मध्यवर्ती सरकार नसताना एकमेकांशी करार करून युरोपभर गाड्या चालवणाऱ्या रेल्वे कंपन्या ही त्यांपैकी दोन. त्यात नियम आहेत, शिस्तही आहे. फक्त ती वरून लादलेली नाही.

पंकमध्ये हे सगळे होते का? सुरुवातीला फारसे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. 1976 मध्ये सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडने आपल्या पहिल्याच गाण्यात अराजकाची घोषणा दिली, तेव्हा ते गाणे एका बड्या कंपनीनेच काढले होते आणि त्या शब्दाचा उपयोग मुख्यतः धक्का देण्यासाठी झाला होता. मला त्या गाण्यापेक्षा 1977 च्या जानेवारीतली एक लहान घटना मोठी वाटते. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने पैसे उसने घेऊन 4 गाण्यांची तबकडी स्वतःच ध्वनिमुद्रित केली, न्यू हॉर्मोन्स नावाची स्वतःचीच कंपनी काढली आणि पहिल्या 1,000 प्रती बाजारात आणल्या. तबकडी काढण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, हे त्यातून असंख्य मुलांना दिसले. क्रास या बँडने तर त्यापुढे जाऊन एसेक्समधल्या एका सामायिक घरात राहून काम केले आणि आपल्या तबकड्यांच्या वेष्टनावरच याहून अधिक पैसे देऊ नका असे छापले. स्वतः शिका, स्वतः करा, आणि जे आले ते पुढच्याला दाखवा, हा पंकचा गाभा मी मानते. वेग आणि आवाज हे त्याचे बाह्यरूप झाले.

व्हायरस लिहिणाऱ्यांपैकी काहींना हा वारसा आपला वाटत होता, हे मला ठाऊक आहे. 1990 च्या दशकात त्यांचे गट होते, टोपणनावे होती, पंकच्या झेरॉक्स मासिकांची आठवण यावी अशी स्वतःची इलेक्ट्रॉनिक मासिके होती, आणि त्यांतले काही लेखन तांत्रिक दृष्ट्या देखणे होते. तरीही त्या कौशल्याची किंमत ज्यांनी मोजली, ती माणसे सत्तास्थानी नव्हती. 2017 च्या मे महिन्यात पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे संगणक कुलूपबंद केले, तेव्हा भेटी रद्द झाल्या त्या आजारी माणसांच्या. त्या प्रोग्रामने विंडोजमधल्या ज्या भगदाडातून प्रवेश केला, ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीपासून माहीत होते, आणि आपल्याला इतरांच्या यंत्रांत शिरता यावे म्हणून तिने ते दडवून ठेवले होते. राज्यसंस्थेने घडवलेले हत्यार चोरीला गेले आणि खंडणीखोरांच्या हाती पडले. या प्रकरणात मला बंडखोर कुठेच दिसत नाही, फक्त एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे गेलेली किल्ली दिसते.

संगीतप्रेमींनी तर 2005 सालचे सोनी बीएमजी प्रकरण कधीच विसरू नये. या कंपनीने आपल्या काही ऑडिओ सीडींवर नक्कल रोखण्यासाठी असा प्रोग्राम घातला की सीडी संगणकात घातल्यावर तो विंडोजच्या आतल्या थरात जाऊन बसे आणि ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल वापरणाऱ्याच्या नजरेआड करी. संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ते त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस उघडकीला आणले. त्यानंतर लवकरच खऱ्याखुऱ्या व्हायरसांनी त्याच अक्षरांची नावे घेऊन त्याच आडोशाचा फायदा घेतला, आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. पैसे मोजून, दुकानातून गाणी आणणाऱ्या माणसाशी हा व्यवहार झाला होता. आमच्या पेन ड्राइव्हवरच्या स्क्रिप्टमध्ये आणि त्या सीडीमध्ये वागणुकीचा काय फरक होता, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

म्हणूनच अँटीव्हायरसकडेही मी राखणदार म्हणून पाहते आणि राखणदाराला विचारायचे प्रश्न त्यालाही विचारते. व्हायरस पकडायचा तर त्याला प्रत्येक फाइल वाचण्याचा अधिकार हवा, आणि अनेकदा थेट कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या गाभ्यात, बसण्याचाही. इतका अधिकार एकाच ठिकाणी साठला की त्याची चूकही तितकीच मोठी होते. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली, विमाने थांबली, आणि त्या दिवशी कोणताही व्हायरस पसरलेला नव्हता. शिवाय राखणदार कधीच पुरा पडणार नाही, हे तर गणितानेच सांगितले आहे. कोणताही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही हे अचूक ओळखणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, असे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी 1980 च्या दशकातच सिद्ध केले.

यावरून अँटीव्हायरस फेकून द्यावा असे मी म्हणत नाही. विंडोजमध्ये अंगचेच असलेले संरक्षण मी चालू ठेवते, कारण माझे यंत्र बाधित झाले तर त्रास माझ्यापुरता राहत नाही, माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला होतो. त्याच कारणाने अपडेट आले की टाळत नाही. वॉनाक्राय ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारे अपडेट त्याआधी दोन महिने उपलब्ध होते. रोजचे काम मी ॲडमिनचे अधिकार नसलेल्या खात्यातून करते. आपल्या स्वतःच्या हातातही सदासर्वकाळ सगळे अधिकार असू नयेत, ही मला या विषयातली सर्वांत अराज्यवादी सवय वाटते. गाण्यांच्या तीन प्रती असतात आणि त्यांतली एक कोणत्याही यंत्राला जोडलेली नसते.

पेन ड्राइव्हच्या त्या प्रकारानंतर आम्ही दोघींनी एक पान हाताने लिहून काढले. बाण असलेले फोल्डर कसे ओळखायचे, त्यावर क्लिक का करायचे नाही, लपलेल्या फाइली कशा दिसू द्यायच्या, ती आज्ञा नेमकी कशी लिहायची आणि त्यानंतर संगणकात राहिलेली स्क्रिप्ट कशी शोधायची, एवढेच त्यात होते. त्याच्या झेरॉक्स प्रती पुढच्या कार्यक्रमात आमच्या कॅसेटींशेजारी ठेवल्या आणि हवी तितकी पाने घ्या असे वर लिहिले. काही महिन्यांनी दुसऱ्याच एका बँडच्या टेबलावर मला तेच पान दिसले. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन अक्षरे जाड झाली होती, आणि तळाशी अनोळखी हस्ताक्षरात एक ओळ वाढली होती: सर्वांत आधी फाइलींच्या नावांची शेपटी (एक्स्टेन्शन) दिसेल अशी सेटिंग करून घ्या. ती ओळ आमच्या लक्षातच आली नव्हती. मी ते पान घरी आणले, आणि आता त्याच प्रतीवरून पुढच्या प्रती काढते.