मोनिकाचे अश्रू उसने होते का?

"मोनिकाचं रडणं व्हर्जिलकडून उचललंय, असं तुम्हीच म्हणालात ना? मग संत ऑगस्टीन खोटं लिहितो का?" तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मोनिका ही ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनची आई, आणि व्हर्जिल हा त्याच्या आधीचा रोमन महाकवी. २७ आणि २८ ऑगस्टला आई-मुलाचे सण लागोपाठ आले, की हा प्रश्न येतोच.

म्हणालो होतो, खरंय. चर्चच्या सभागृहात ३८३ सालची ती रात्र समजावत होतो. ऑगस्टीनला रोमला जायचंय, आई उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या किनाऱ्यावर त्याला घट्ट धरून बसलेली. वारा मिळेपर्यंत मित्राची सोबत करायची आहे, अशी थाप मारून त्यानं तिला जवळच्या संत सिप्रियनच्या स्मृतिस्थळी रात्र काढायला लावली आणि स्वतः जहाजात चढला. सकाळी ती दुःखानं वेडीपिशी. मी फळ्यावर दोन नावं लिहिली: डायडो, मोनिका. डायडो ही व्हर्जिलच्या 'एनिड' महाकाव्यातली कार्थेजची राणी; नायक एनियस तिला सोडून जहाजानं निघून जातो. तेच कार्थेज, तसंच फसवून निघणं. 'एनिड'चा चौथा सर्ग, म्हणालो, फक्त राणीच्या जागी आई. मागच्या रांगेतल्या एक मावशी उठल्या. "माझा मुलगाही न सांगताच गेला, सर. मी कुठलं पुस्तक वाचून रडले?" त्या बाहेर पडल्या. मी पुढचा मुद्दा सुरू केला. ते अजून सलतं.

पण मी चुकीचं सांगितलं नव्हतं. शाळेत डायडोसाठी रडलो, हे 'कन्फेशन्स' या आत्मकथनात ऑगस्टीनच सांगतो. पुढे आई समुद्र ओलांडून त्याच्यामागे आली, तिथे 'एनिड'मधल्या युरायलस या तरुण योद्ध्याची आई आठवते. तोही आईचे अश्रू सोसवणार नाहीत म्हणून न भेटता गेलेला.

चुकला तो 'उचललं' हा शब्द. एनियसला निघायची आज्ञा देवांची होती. ऑगस्टीन म्हणतो, मी आईशी खोटं बोललो, आणि तेही अशा आईशी! व्हर्जिलच्या आरशात त्याला स्वतःची लबाडी दिसली, असं आज वाटतं. मात्र त्याच पानावर तो तिच्या आक्रोशात बायबलमधल्या पहिल्या स्त्रीचा, हव्वेचा वारसा पाहतो, तिच्या ओढीला ती शिक्षाच होती म्हणतो. तिथे मी त्याची बाजू घेऊ शकत नाही.

३८७मध्ये रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात मोनिका वारली. नातू हंबरडा फोडतो, त्याला गप्प करतात. ऑगस्टीन दफनाला कोरडाच. नंतर एकटा असताना रडला, तेही तासाचा थोडासा भाग. इथेही फळ्यावर नाव लिहिता येईल, एनियसही दुःख काळजात दाबून ठेवतो. मला ते लिहावंसं वाटत नाही. का, ते अजून नीट सांगता येत नाही.