कबुतर उडालं नाही

दुपारी पाय मोकळे करायला खाली उतरले तर वाटेत मध्यभागी एक कबुतर काहीतरी टिपत बसलेलं. मी सरळ चालत त्याच्या अंगावरच गेले जवळजवळ, म्हटलं आता उडेल, तर ते उडालंच नाही. दोन पावलं बाजूला सरकलं, मला जाऊ दिलं आणि परत आपल्या जागेवर. आता यात लिहिण्यासारखं काय आहे म्हणाल, पण मला ते लागलं. मी त्याच्यापेक्षा कितीतरी पट वजनाचा प्राणी, माझ्या जातीचा पूर्वेतिहासही काही सोज्वळ नाही, आणि हे मला गर्दीत समोरून येणाऱ्या माणसाला वाट द्यावी तशी वाट देतं! थोडं तरी दचकायचं ना, माझ्या समाधानासाठी.

पक्ष्यांचा अभ्यास करणारे लोक हेच मोजतात म्हणे. एक माणूस पक्ष्याच्या दिशेने सरळ चालत जातो, पक्षी पळाला की थांबतो, आणि मधलं अंतर मोजतो. झाला प्रयोग. शहरातले पक्षी माणसाला बरंच जवळ येऊ देतात आणि त्याच जातीचे रानातले पक्षी लांबूनच पसार होतात. म्हणजे भीती चक्क मीटरमध्ये मोजता येते. मग हे शहरातले पक्षी सवयीने निर्ढावले की मुळात जे धीट होते तेच शहरात टिकले, यावर वाद चालतात, मला वाटतं थोडं हे थोडं ते असणार.

तसं कबुतराला रानटी म्हणावं का हाच प्रश्न आहे. त्याचे पूर्वज कड्यांच्या कपारीत राहणारे, माणसाने हजारो वर्षांपूर्वी पाळले, त्यातले सुटले ते इमारतींवर जाऊन बसले. त्यांच्या लेखी आपली इमारत म्हणजे कडाच, आणि एसीच्या मागची जागा म्हणजे उत्तम कपार. आपण भाडेकरू, फार तर.

चिमणीचं मात्र वेगळं. लहानपणी आमच्या घरात भिंतीवरच्या फोटोमागे चिमणीने घरटं केलं होतं आणि ऐन उन्हाळ्यात बाबांनी फर्मान काढलं, पिल्लं उडेपर्यंत पंखा बंद. सगळे घामाने निथळतोय, वर्तमानपत्राने वारा घेतोय, पाहुणा आला आणि त्याचा हात बटणाकडे गेला की सगळे एकदम ओरडायचो. चिमणी आमच्या डोक्यावरून निवांत ये-जा करायची, काडी पडायची, पीस पडायचं, कधी आणखी काही पडायचं. आम्हाला वाटायचं आपण तिला आसरा दिलाय. आता कळतं की ती या बाबतीत आमच्यापेक्षा फार अनुभवी होती, तिचं घराणं शेतीइतकं जुनं. बॅक्ट्रियानस नावाची तिची एक जवळची नातलग आहे, ती अजून माणसापासून लांबच राहते. दोघींची जनुकं शास्त्रज्ञांनी ताडून पाहिली तर घरचिमणीत दोन ठिकाणी ठळक बदल सापडले, एक कवटीच्या आकाराशी संबंधित आणि दुसरा स्टार्च पचवण्याशी. आपलं धान्य खाऊन खाऊन ती आतून बदलली, आणि गंमत म्हणजे स्टार्च पचवण्याच्या बाबतीत आपल्यात आणि कुत्र्यात झालेला बदलही त्याच जातीचा आहे. एका पंगतीचे सगळे.

माझी एक जुनी खोड आहे, कुठलाही प्राणी दिसला की त्याच्या डोळ्यात डोळे घालून बघायचं. घरचे म्हणतात असं बघू नये, अंगावर येईल. पण इंग्लंडमध्ये 2019 साली याच खोडीवर संशोधन प्रसिद्ध झालं, समुद्रकाठच्या कुरव पक्ष्यांपुढे चिप्सची पिशवी ठेवायची, एकदा त्यांच्याकडे टक लावून बघायचं आणि एकदा तोंड फिरवायचं. बघत राहिलं तर पक्ष्याला पिशवीपाशी यायला सरासरी 21 सेकंद जास्त लागायचे. बरेचसे तर फिरकलेच नाहीत. म्हणजे आपली नजर कुठे आहे हे त्यांना बरोब्बर कळतं. कावळ्यांचं तर त्याहून पुढे, सिएटलला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 मध्ये गुहेतल्या माणसाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि पायात कडी घालून सोडून दिले. नंतर तो मुखवटा घालून कोणीही आवारात फिरलं की कावळे कलकलाट करून मागे लागायचे, वर्षानुवर्षं, आणि त्यात जे कधी पकडलेच गेले नव्हते तेही सामील. आपल्याला दोन कावळ्यांतला फरक सांगता येत नाही आणि ते आपले चेहरे पाठ करून पोरांना शिकवतात.

अमेरिकेत नेब्रास्कात मातीची घरटी करणाऱ्या भिंगऱ्या आहेत, त्या कडे सोडून पुलांखाली राहायला आल्या. तिथे एक नवराबायको संशोधक 30 वर्षं रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या भिंगऱ्या गोळा करत फिरले (काय काय लोक असतात!). पुलाखालच्या भिंगऱ्या वाढत गेल्या तरी मेलेल्या मात्र दर वर्षी कमी सापडायला लागल्या. मेलेल्यांचे पंख लांब, आणि जगलेल्यांचे पंख वर्षागणिक आखूड होत चाललेले. आखूड पंखाला झटकन वर उसळता येतं, गाडी चुकवता येते. म्हणजे पंख कोणी कातरले तर आपल्या रहदारीने.

पण हे सगळे जवळ येणारे झाले. जे लांब गेले त्यांचं आपल्याला कळतच नाही, कारण ते दिसायचेच बंद होतात. आणि लांब तरी कुठे जाणार, जागा आहे कुठे, म्हणून ते दिवसातून उठून रात्रीत गेले. जगभरातल्या 62 जातींच्या सस्तन प्राण्यांवरचा एक अभ्यास 2018 मध्ये आला होता, त्यात असं निघालं की जो प्राणी एरवी निम्मा वेळ दिवसा आणि निम्मा वेळ रात्री हिंडतो, तो माणसाच्या आसपास 68 टक्के रात्री हिंडायला लागतो. यात मला खरं खटकलं ते वेगळंच. बंदूक घेऊन आलेला माणूस आणि नुसता पाठीला सॅक लावून डोंगर बघायला आलेला माणूस, दोघांमुळे होणारा बदल साधारण सारखाच. आपण कचरा करत नाही, गाणी लावत नाही, हळू बोलतो, फार तर एखादा फोटो, आणि तिकडे कोणीतरी आपलं जेवण संध्याकाळनंतर ढकलतंय. बरं, डोळे दिवसाचे, भक्ष्य दिवसाचं, आणि हिंडायचं अंधारात.

2020 मध्ये सगळे घरात बसलो तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या चिमणीसारख्या एका पक्ष्याचा आवाज खाली आला, कारण रस्त्यांवर गोंगाटच उरला नव्हता. हळू गायला लागला आणि तरी गाणं आधीच्या दुप्पट अंतरावर पोचायला लागलं. हे वाचून लोकांना भरून आलं होतं, मलाही आलं होतं, नंतर आपण बाहेर पडलो.

हे सगळं गमतीगमतीत लिहायचं होतं, पण मोझांबिकच्या गोरोंगोसातल्या हत्तिणी आठवल्या आणि हात अडला. तिथे 1977 ते 1992 यादवी युद्ध चाललं, दोन्ही बाजूंनी हस्तिदंतासाठी हत्ती मारले, दहातला एकही धड उरला नाही. ज्या हत्तिणींना जन्मतः सुळे नव्हते त्यांना मारून काही मिळणार नव्हतं म्हणून त्यांच्यातल्या जास्त वाचल्या. आफ्रिकेत हत्तिणींनाही सुळे असतात, त्याने त्या मुळं उकरतात, साल सोलतात. युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांमध्ये साधारण तीनातली एक बिनसुळ्यांची निघाली. बंदुका गेल्या तरी हे राहिलं. आणि ते जनुक असं आहे की मुलीकडे गेलं तर ती बिनसुळ्यांची होते, मुलाकडे गेलं तर तो जन्मतच नाही.