झेनच्या नादात गेलेला रविवार

आज सकाळपासून सातारा एमआयडीसीत, मिस्त्रीमामांच्या गॅरेजवर. जुनी मारुती झेन ऑटोक्रॉसला काढतोय म्हटलं की पोरांचा पहिला प्रश्न, "इंजिनाला काय केलंस?" काही नाही! ९९३ सीसीचं आहे तसंच आहे. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात वळणं दाखवायला प्लास्टिकचे शंकू मांडलेले, एकेक गाडी सुटणार, घड्याळ लावलेलं. बराचसा वेळ दुसऱ्या गिअरमध्येच जातो. तिथं टॉप स्पीडचं काय लोणचं घालायचंय?

पैसे गेले ते टायर, ब्रेक पॅड आणि सस्पेन्शनच्या बुशांवर (सांध्यांतले रबर). वजन कमी व्हावं म्हणून स्टेपनी, जॅक काढले. (डिकीत आईची हरवलेली छत्री सापडली.)

खरी डोकेदुखी वळणाची. ओढणारी चाकं पुढची, वजनही पुढं. वेगात घातली की स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक बाहेरच पळतं. मी जाड अँटीरोल बारच्या (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) गोष्टी करत होतो. मामा म्हणाले, "आधी हवा खेळवून बघ की! फुकट हाय." मागच्या चाकांत हवा थोडी वाढवली, मागची पकड किंचित सुटली आणि गाडी चक्क वळायला लागली. टायरच्या कडेला खडूच्या रेघा मारल्या होत्या. जिथवर पुसल्या, तिथवर टायर मुडपतोय.

मोठं इंजिन टाकायचा सल्लाही आला. पण आरसीवरच्या मूळ नोंदी बदलणारा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि उद्या याच गाडीतून बाबांना राजवाड्यावर सोडायचंय.

झेनच्या मापाच्या हलक्या अलॉय रिम कुणाकडे पडून असतील तर इनबॉक्स करा. भाव साताऱ्याचा सांगा, पुण्याचा नको.