तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लू एकदा होऊन गेला, तरी परत का होतो?

प्रतिकारशक्ती शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही गाठतो. "गेल्याच वर्षी झाला होता हो, शरीर विसरलं का?"

पूर्ण विसरत नाही. फ्लूचा विषाणू बाहेरचं रूप सतत बदलतो, आणि अँटिबॉडी प्रामुख्याने तेच ओळखतात. आतली प्रथिनं मात्र त्याला सहजासहजी बदलता येत नाहीत. ती लक्षात ठेवतात मारक टी-पेशी, म्हणजे बाधित पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी.

त्यांचं काम कितीदाही शिकवलं तरी मी थक्क होते. विषाणू शिरलेली फुप्फुसाची पेशी त्याच्या प्रथिनांचे जेमतेम आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते. मारक पेशी ते चाचपत फिरते. ओळख पटली की तिथेच चिकटते आणि तिच्या पोटातले कण स्पर्शाच्या जागेकडे सरकतात. त्या कणांतलं परफोरिन हे प्रथिन समोरच्या आवरणाला भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम नावाची विकरं आत शिरतात, आणि बाधित पेशी न फुटता, आवरून घेत मरते. ही ओळख पटायला विषाणूच्या तुकड्यासोबत आपल्या पेशीची स्वतःची खूणही लागते, हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात उंदरांवर दाखवलं. १९९६ सालचं नोबेल त्यासाठीच.

आजार ओसरला की यातल्या काही पेशी फुप्फुसातच मुक्काम करतात. पुढच्या वेळी त्या लगेच कामाला लागतात. त्वचेत अशा पेशी दीर्घकाळ टिकतात; उंदरांच्या फुप्फुसातून मात्र काही महिन्यांतच ओसरतात. मला यात शहाणपण दिसतं. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ असतो, तिथे हत्यारबंद पहारा कायमचा परवडायचा नाही.

२००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूची धास्ती होती, तेव्हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या लोकांवर एक अभ्यास सुरू होता. नव्या विषाणूविरुद्ध अँटिबॉडी नसूनही, ज्यांच्या रक्तात आतली प्रथिनं ओळखणाऱ्या मारक पेशी आधीपासून जास्त होत्या, त्यांना आजार सौम्य झाला. म्हणजे या पेशी लागण थांबवतीलच असं नाही, पण ती किती वाढेल हे पुष्कळसं त्यांच्यावर असतं.

"मग लस कशाला?" हा पुढचा प्रश्न. दंडात घेतलेली लस मुख्यतः अँटिबॉडी वाढवते आणि लागणीचीच शक्यता कमी करते. वय झालं की टी-पेशींचा जोर ओसरतो, म्हणून घरातल्या आजी-आजोबांना ती दरवर्षी द्याच.